आठ बोटींचा कालवा: शॅनन–अर्न जलमार्ग पुन्हा सुरू झाला त्याची गोष्ट

पार्श्वभूमी

आयर्लंडच्या उत्तर भागात लीट्रिम, कॅव्हन आणि फरमॅना हे तीन जिल्हे एकमेकांना लागून आहेत. बुटक्या टेकड्या, चिकट जड माती, वर्षभर पाऊस आणि टेकड्यांच्या बेचक्यांत जागोजाग तळी असा हा मुलूख. त्याच्या पश्चिमेकडून शॅनन ही देशातली सर्वांत लांब नदी दक्षिणेला जाते. पूर्वेला अर्न नदी आहे. ती आपल्या दोन मोठ्या सरोवरांतून वाट काढत वायव्येला समुद्राकडे वळते. या दोन नद्यांच्या मधला उंचवटा ओलांडून जाणारा कालवा १८४६ मध्ये खणायला घेतला. बॅलिनमोर आणि बॅलिकॉनेल ही वाटेवरची दोन गावं, त्यांचीच नावं कालव्याला मिळाली.

आपल्या डोळ्यांपुढे कालवा म्हटला की शेताला पाणी देणारा पाट येतो. हा कालवा मालवाहू बोटींसाठी होता. लांबी सुमारे ६३ किलोमीटर आणि वाटेत सोळा लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि बोट पुढच्या पातळीला आली की पुढचं दार उघडायचं. अर्नकडून येणारी बोट आठ लॉक चढून स्कर तलावाच्या माथ्यावर पोचते आणि तिथून आठ लॉक उतरून लीट्रिम गावापाशी शॅननला लागते. चढाचा पूर्वेकडचा भाग मुख्यतः वुडफर्ड नदी आणि तिच्यावरच्या तलावांतून जातो. उताराचा छोटा टप्पा मात्र पूर्णपणे खणून काढलेला आहे.

कामाला सुरुवात झाली तेव्हा बटाट्याचं पीक कुजून देशात भीषण दुष्काळ पडला होता. भुकेल्या माणसांना मजुरी देणं हा सरकारी बांधकामांमागचा एक मोठा हेतू होता. पण या कालव्याच्या मुळाशी आणखी एक हेतू होता आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिथून आल्या. १८४२ च्या कायद्याखाली सरकारच्या बांधकाम मंडळाने पाणथळ जमिनींचा निचरा करण्याच्या योजना हाती घेतल्या होत्या. हा कालवा त्याच चौकटीत बसवला गेला. एकाच चरातून शेतांतलं पाणी लवकर वाहून जावं, आणि त्याच चरात बोटींना पुरेल इतकं पाणी टिकूनही राहावं, अशी ती अपेक्षा होती.

मूळ अपयश

कालवा १८६० मध्ये पुरा झाला. खर्च सव्वादोन लाख पौंडांच्या पुढे गेला. १८६९ पर्यंत त्यातून टोल भरून गेलेल्या बोटी होत्या आठ, आणि मिळालेला टोल होता अठरा पौंड. त्यानंतर वाहतूक थांबली ती सव्वाशे वर्षं थांबली.

हे आकडे आयर्लंडमध्ये सरकारी उधळपट्टीचा नमुना म्हणून सांगितले जातात. ते खरेही आहेत. पण त्यावरून कालव्याचा मार्गच चुकीचा होता असा निष्कर्ष काढणं मला घाईचं वाटतं. कागदपत्रांतून दिसणारी कारणं बघू.

पहिलं कारण पुढच्या वाटेचं. बेलफास्ट बंदरातून निघालेला माल ‘ने’ नावाचं सरोवर ओलांडून अल्स्टर कालव्याने अर्नला यावा, आणि तिथून या नव्या कालव्याने शॅननला जावा, अशी मूळ कल्पना होती. या साखळीतला अल्स्टर कालवा १८४१ मध्येच बांधून झाला होता, पण त्याचे लॉक जेमतेम पावणेबारा फूट रुंद होते. नव्या कालव्याचे लॉक साडेसोळा फूट रुंद. म्हणजे शॅननवरची मोठी बोट बॅलिनमोर पार करून अर्नला आली, तरी पुढे बेलफास्टकडे जाऊ शकत नव्हती. त्यातून अल्स्टर कालव्याला पाण्याचा तुटवडा होता, आणि १८६५ मध्ये तो दुरुस्तीसाठी बंद झाला तो थेट १८७३ मध्ये उघडला. बॅलिनमोरचा कालवा सुरू असण्याच्या नऊ वर्षांपैकी शेवटची चार वर्षं त्याचं पूर्वेचं टोक असं तुटलेलं होतं.

दुसरं कारण रेल्वे. १८६२ मध्ये लाँगफर्डहून स्लायगोला जाणारी रेल्वे कॅरिक-ऑन-शॅननवरून धावू लागली. दोन दिवसांचा प्रवास काही तासांत होत असेल तर धान्याचा व्यापारी सोळा लॉकपाशी थांबत बसणार नाही.

तिसरं कारण पाण्याची पातळी. निचरा आणि नौकानयन यांची एकाच पात्रात ओढाताण झाली. काठावरच्या शेतकऱ्याला पाणी खाली हवं आणि नावाड्याला वर. कालवा विश्वस्तांच्या ताब्यात दिला गेला. उत्पन्न नाही आणि डागडुजीचा भार मात्र अंगावर, अशा अवस्थेत त्यांनी हात आखडता घेतला. दारं कुजली, पात्रात गाळ आणि लव्हाळं माजलं. दगडी हौद आणि कमानीचे पूल तेवढे उभे राहिले, कारण ते बांधलेच होते पक्के.

शतकभरात काय बदललं

लीट्रिमची गोष्ट सांगायची तर लोकसंख्येपासून सुरुवात करावी लागते. १८४१ मध्ये या जिल्ह्यात सुमारे १ लाख ५५ हजार माणसं होती. १९९६ मध्ये उरली २५ हजार. दुष्काळ, स्थलांतर, लहान आणि ओल्या जमिनी, उद्योगांचा अभाव. बॅलिनमोर हे एकेकाळी कॅव्हन–लीट्रिम अरुंदमापी रेल्वेचं मुख्य ठाणं होतं. ती रेल्वेही १९५९ मध्ये बंद झाली.

दुसरा बदल सीमेचा. १९२० च्या दशकापासून फरमॅना ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, तर लीट्रिम आणि कॅव्हन दक्षिणेच्या स्वतंत्र राष्ट्रात. वुडफर्ड नदीचा एक टप्पाच आंतरराष्ट्रीय सीमा बनला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडमध्ये, यावरून पेटलेल्या १९७० च्या दशकातल्या हिंसाचारात सीमेवरचे कित्येक रस्ते सुरक्षा दलांनी बंद केले. सीमेवरचा अघालेनचा पूल तर उडवून दिला गेला होता. शेजारच्या गावात जायला माणसांना मैलोन्‌मैल वळसा पडू लागला.

तिसरा बदल आशेचा होता. शॅननवर आणि अर्नवर, दोन्हीकडे, सहलीच्या बोटी भाड्याने देण्याचा व्यवसाय वाढत गेला. झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली बोट कुटुंबाने आठवड्यासाठी घ्यायची आणि स्वतः चालवायची, असा हा धंदा. आयर्लंडमध्ये अशी बोट चालवायला परवाना लागत नाही, मालकाने थोडं शिकवलं की झालं. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडमधून लोक येऊ लागले. १८६० मध्ये नसलेली गोष्ट आता होती. कालव्याच्या दोन्ही टोकांना बोटी होत्या, आणि त्या मधल्या ६३ किलोमीटरमुळे एकमेकींपासून अडल्या होत्या.

समोरचे पर्याय

१९८० च्या दशकात प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा हाती असलेल्या वाटा मी माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो.

काहीच न करता पात्राचा वापर निव्वळ निचऱ्यासाठी करायचा, ही सगळ्यांत स्वस्त वाट. शेतकऱ्यांचा विरोधही नसता. पण पात्र एकदा निचऱ्यासाठी खोल आणि मोकळं केलं, लॉक आणि बंधारे अडथळा म्हणून काढले, की नौकानयनाची शक्यता कायमची संपली असती.

अर्धवट पुनरुज्जीवन, म्हणजे अर्नच्या बाजूने गॅराडाइस तलावापर्यंतचा सोपा भाग उघडायचा आणि लॉकची दाटी असलेला पश्चिमेचा टप्पा सोडून द्यायचा. खर्चाच्या दृष्टीने मोह पडण्यासारखी वाट. जगभर जुन्या कालव्यांची अशी तोडकी पुनरुज्जीवनं झाली आहेत. गावाजवळचे दोन-चार किलोमीटर स्वच्छ करायचे, एक-दोन बोटी फिरवायच्या. तिथे रविवारची सहल होते, पण बोट घेऊन आठवडा घालवायला कुणी येत नाही.

आणि संपूर्ण जोडणी. सोळाही लॉक, सगळे पूल, सगळं पात्र. मोठा खर्च, दोन सरकारांची संमती आणि चालू हिंसाचारात सीमेवर काम.

हा तिसरा पर्याय निवडला गेला. या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि माझ्या मते तो पूर्ण बरोबर होता. इथे विकायचं होतं ते दोन नद्यांचं एक होणं. ते अर्धं करून काही विकता आलं नसतं.

पैसा कुठून आला हेही निर्णयाचाच भाग आहे. १९८५ च्या ब्रिटन–आयर्लंड करारानंतर १९८६ मध्ये ‘इंटरनॅशनल फंड फॉर आयर्लंड’ हा निधी उभा राहिला होता. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या समाजांना एकत्र आणणाऱ्या कामांना तो पैसा द्यायचा होता. सीमा ओलांडणारा, कुणाच्याही राजकीय आठवणींत न अडकलेला, दोन्हीकडच्या खेड्यांना रोजगार देऊ शकणारा प्रकल्प शोधूनही दुसरा मिळाला नसता. स्थानिक लोक कितीतरी आधीपासून कालव्यासाठी धडपडत होते. त्यांच्या मागणीला या निधीची वेळ जुळून आली. युरोपीय समुदायाचा पैसा, दोन्ही सरकारं आणि दक्षिणेचं विद्युत मंडळ यांचे वाटे मिळून सुमारे ३ कोटी पौंड उभे राहिले.

प्रत्यक्ष काम

१९९० च्या अखेरीस सुरुवात झाली. गाळ उपसणं, दगडी लॉकची दुरुस्ती, नवी दारं, पूल मजबूत करणं, बोटी लावायला धक्के बांधणं, अशी ही कामं होती. यातले दोन निर्णय जवळून बघण्यासारखे आहेत.

पहिला लॉक चालवण्याचा. ब्रिटनमधल्या बऱ्याच जुन्या कालव्यांवर लॉकची दारं आजही हाताने, लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलतात. त्यात जुनेपणाची गोडी आहे आणि हौशी लोकांना तीच हवी असते. इथे मात्र सोळाही लॉक वीज आणि हायड्रॉलिकवर चालतील अशी रचना केली. लॉकच्या थोडं अलीकडे धक्क्याला बोट बांधायची. एकाने उतरून काठावरच्या खांबाजवळ जायचं, दुकानातून विकत घेतलेलं स्मार्ट कार्ड खाचेत घालायचं आणि पडद्यावरच्या सूचनेप्रमाणे बटणं दाबायची. आधी झडपा, पाणी समपातळीला आल्यावर दारं. बोट आत गेली की दोर खुंट्यांना घट्ट न बांधता नुसता वेढा देऊन हातात धरायचा, कारण पाणी उतरताना दोर अडकला तर बोट टांगली जाते. मग पुन्हा बटणं. पहिल्यांदाच बोट चालवणाऱ्या, सोबत लहान मुलं आणि म्हातारे आईवडील असलेल्या कुटुंबाला हे जमण्यासारखं आहे. आणि ग्राहक तोच होता. वारशाच्या जपणुकीवर प्रेम असलेल्या माणसाला स्मार्ट कार्ड खटकेल, पण जुन्या दगडी बांधणीला यामुळे धक्का लागलेला नाही आणि बोटी मात्र येत राहिल्या.

दुसरा निर्णय पाण्याच्या पातळीचा. बोटीला खोली दोन प्रकारे मिळते. बंधारा उंच करून पाणी वर आणा, किंवा तळ खणून खाली न्या. पहिला मार्ग शेतांत पाणी शिरवतो. एकोणिसाव्या शतकातलं भांडण शेतकरी विसरले नव्हते. म्हणून भर गाळ काढण्यावर राहिला, आणि ज्या पात्राने दीडशे वर्षांपूर्वी निचरा आणि बोटी या दोघांनाही निराश केलं त्याच पात्रातून दोन्ही कामं होऊ लागली. गाळ पुन्हा साठतो, त्यामुळे हा खर्च कायमचा आहे.

कालवा नव्या नावाने, शॅनन–अर्न जलमार्ग म्हणून, १९९४ मध्ये सुरू झाला. मे महिन्यात कोराक्विलच्या लॉकवर दक्षिणेचे उपपंतप्रधान डिक स्प्रिंग आणि ब्रिटनचे उत्तर आयर्लंडविषयक मंत्री पॅट्रिक मेह्यू यांनी एकत्र उद्घाटन केलं. आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेची शस्त्रसंधी जाहीर झाली ती त्यानंतर, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे तोफा शांत होण्याआधी, जवळचे रस्ते अजून अडलेले असताना, या पाण्यावरून लोक सीमा ओलांडून जाऊ लागले. अघालेनला नवा पूल झाला तो १९९९ मध्ये.

निष्पत्ती

उत्तरेतल्या बेलीकपासून दक्षिणेला लिमरिकपर्यंत बोटीने सलग जाता येऊ लागलं. बॅलिनमोर, बॅलिकॉनेल, लीट्रिम या गावांत धक्के, खाणावळी, बोटींचे तळ आले. कोपऱ्यातल्या खेड्यांना पाहुणे दिसू लागले.

कालवा सांभाळायचा कुणी, हा संस्थेचा प्रश्नही मार्गी लागला. १९९८ च्या शांतता करारातून दोन्ही बाजूंच्या सामाईक कामांसाठी सहा संस्था निघाल्या. त्यांतली एक ‘वॉटरवेज आयर्लंड’, बेटावरच्या अंतर्गत जलमार्गांची देखभाल करणारी. सीमेवरच्या या कालव्याचं सामाईक काम काही वर्षं चालत आलेलं होतं. सीमेपार संस्था चालू शकते याचा तो जिवंत दाखला होता, आणि राजकारण्यांच्या भाषणांपेक्षा त्याचं वजन मला जास्त वाटतं.

दुसरी बाजू तितकीच मोठी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून जुन्या सहलबोटी आयर्लंडला विकत आणल्या जात होत्या. त्यांच्या तळाला चिकटून झेब्रा शिंपले आले. अंगठ्याच्या नखाएवढा, पिवळट-तपकिरी पट्ट्यांचा हा शिंपला मूळचा काळ्या आणि कास्पियन समुद्राच्या परिसरातला. चिवट धाग्यांनी तो कशालाही चिकटतो, ओलसर जागी पाण्याबाहेर काही दिवस जगतो, आणि त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात. १९९७ मध्ये शॅननवरच्या डर्ग सरोवरात तो लक्षात आला. त्याच सुमारास अर्नमध्येही सापडला. दोन नद्या जोडून अवघी तीन वर्षं झाली होती, आणि वाट आयती होती.

अर्नमध्ये त्याने जे केलं ते डोळ्यांना सुंदर दिसतं. पाणी नितळ झालं. पण नितळ झालं ते पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून संपवल्यामुळे, ज्यावर बारीक जीव आणि माशांची पिल्लं जगत होती. मूळचे मोठे शिंपले या पाहुण्यांच्या थरांखाली गुदमरून मेले. पाणीपुरवठ्याच्या नळांच्या तोंडांवर थर चढले. एकदा सरोवरात रुजलेला हा जीव काढून टाकण्याचा उपाय आजही कुणाकडे नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हा धोका त्या काळी माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या सेंट क्लेअर सरोवरात हे शिंपले आढळले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत महासरोवरांतल्या पाणीपुरवठ्याचे हाल जगजाहीर झाले. इथे काम सुरू झालं १९९० मध्ये. दोन वेगळी खोरी जोडताना बोटींबरोबर आणखी काय जाईल, याचा विचार लॉकच्या दारांइतकाच आधी व्हायला हवा होता. बाहेरून आणलेली प्रत्येक बोट पाण्यात सोडण्यापूर्वी तपासणं, कडक गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुणं, वाळू देणं हे त्या ३ कोटींच्या तुलनेत क्षुल्लक खर्चाचं काम होतं. शिंपले मग कधीच आले नसते असा दावा मी करणार नाही, पण काही वर्षं मिळाली असती.

दुसरी गोष्ट एकाच ग्राहकावर विसंबण्याची. भाड्याची बोट महाग, हंगाम उन्हाळ्यापुरता, आणि स्वस्त विमानप्रवास सुरू झाल्यावर तोच युरोपीय पाहुणा स्पेनला जाऊ लागला. २००० च्या दशकात भाड्याच्या बोटी कमी होत गेल्या. काठावरून चालण्याच्या वाटा आणि कयाकसाठीचे टप्पे पुढे, २०१० च्या दशकात, ब्लूवे या नावाने झाले. त्यांवर खर्च थोडा आणि जवळच्या माणसालाही त्या परवडतात. त्या पहिल्याच आराखड्यात असायला हव्या होत्या.

तिसरी गोष्ट घरांची. १९९८ पासून अप्पर शॅनन भागात बांधकामाला करसवलती मिळाल्या आणि गावांच्या कडेने घरांच्या वसाहती उगवल्या. २००८ च्या मंदीत त्यांतल्या कित्येक रिकाम्या, अर्धवट राहिल्या. कालव्याने आणलेली ओढ खरी होती, पण ती उन्हाळी पाहुण्यांची होती आणि घरं बांधली गेली ती कायम राहणाऱ्यांच्या हिशोबाने.

सध्या याच साखळीतला पुढचा दुवा, अल्स्टर कालवा, टप्प्याटप्प्याने खुला होतो आहे. अर्नपासून कॅसल सॉन्डरसनपर्यंतचा पहिला टप्पा २०१९ मध्ये झाला. तो पूर्ण होईल तेव्हा अर्न ‘ने’ सरोवराला जोडली जाईल. झेब्रा शिंपले ‘ने’ सरोवरात २००५ मध्येच पोचले आहेत, त्यामुळे त्यांना तिथे रोखण्याचा प्रश्न आता उरला नाही. पण २०२१ मध्ये शॅननवरच्या री आणि डर्ग सरोवरांत त्यांचाच भाऊबंद, क्वाग्गा शिंपला, सापडला. तो अधिक खोल आणि अधिक थंड पाण्यात तग धरतो. बोटी धुण्याची आणि वाळवण्याची सोय लीट्रिमच्या आणि अर्नवरच्या बेल्टर्बेटच्या धक्क्यांवर सक्तीची करायची की सूचनाफलक लावून थांबायचं, हा निर्णय या वेळी जोडणीच्या आधी घेता येण्यासारखा आहे.